नाशिकरोड ते नागपूर : तिकीट तोडून काढल्याने खरेच पैसे वाचतात का?

गोदाकाठ (जेलरोड, नाशिकरोड)

नमस्कार. माझा मुलगा गेल्या वर्षापासून ब्रिटनमध्ये ब्रिस्टलला शिकतो आहे. लंडनला जायचे असले की तो एक तिकीट न काढता दोन तिकिटे काढतो, ब्रिस्टल ते डिडकॉट एक आणि डिडकॉट ते लंडन दुसरे. गाडी तीच असते, डिडकॉटला ती थांबते, पण हा उतरत नाही, आणि तरीही दोन तिकिटांची बेरीज एका तिकिटापेक्षा कमी भरते. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मुलगा काही गैर तर करत नाही ना, अशी धाकधूक मला वाटली होती, परंतु तिथे हे नियमाला धरून आहे असे त्याने मला समजावून सांगितले.

आता माझा प्रश्न आपल्याकडचा आहे. भाच्याच्या लग्नासाठी आम्हा चौघांना नागपूरला जायचे आहे : मी, माझे यजमान, मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही, आणि चौघांचे जाऊन-येऊन तिकीट म्हणजे घरखर्चातली मोठी रक्कम असते. एका नातेवाइकांनी सांगितले की, नाशिकरोड ते भुसावळ आणि भुसावळ ते नागपूर अशी तिकिटे तोडून काढली की स्वस्त पडते.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या सांगण्यावरून मी आणि सासूबाईंनी तसे केलेही होते. पहिले तिकीट एस-२ डब्यात आणि दुसरे एस-७ मध्ये मिळाले. रात्री दीडच्या सुमारास भुसावळला गाडी थांबली तेव्हा बर्थखालची चेनने बांधलेली बॅग सोडवायची, सासूबाईंना उठवून त्यांच्या पायांत चपला घालायच्या, आणि पाच डबे ओलांडत, वाटेत खाली झोपलेल्या माणसांना पाय लागणार नाही अशा बेताने पुढे जायचे, असे सगळे करावे लागले. आमच्या जागेवर एक गृहस्थ गाढ झोपलेले होते. ते बिचारे लगेच उठले, पण सासूबाईंचा श्वास इतका फुलला होता की त्या रात्री त्यांना पुन्हा झोप लागली नाही. घरी आल्यावर मला जाणवले की पैसे किती वाचले, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. म्हणून या वेळी आधी विचारते आहे. तिकीट तोडण्यात आपल्याकडे खरोखर फायदा आहे का, आणि असल्यास तो कुठे आहे?

इगतपुरीकर (निवृत्त, आरक्षण खिडकी)

ताई, मी आरक्षणाच्या खिडकीमागे २८ वर्षे बसलो आहे आणि हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. एकाच गाडीने, एकाच वर्गातून जायचे असेल तर आपल्याकडे तिकीट तोडल्याने पैसे वाचत नाहीत, उलट जास्त जातात.

याचे मूळ भाडे आकारण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या रेल्वेचे भाडे अंतरावर ठरते, पण प्रत्येक किलोमीटरला सारखा दर नसतो. सुरुवातीच्या किलोमीटरांना दर जास्त असतो आणि अंतर वाढत जाते तसा पुढच्या किलोमीटरांचा दर उतरत जातो. रेल्वेच्या भाषेत याला टेलिस्कोपिक भाडे म्हणतात. किराणा दुकानात पोते घेतले तर किलोमागे कमी पडते आणि पावशेर-पावशेर घेतले तर जास्त पडते, तसाच हा प्रकार आहे. नाशिकरोड ते नागपूर हे अंतर सुमारे ६५० किलोमीटर आहे. सरळ तिकीट काढले की तुमच्या प्रवासाचा शेवटचा भाग उतरत्या दरात येतो. भुसावळला तिकीट तोडले की तिथून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि महाग किलोमीटर तुम्ही दोनदा विकत घेता.

दुसरी गोष्ट किमान अंतराची, जी फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. स्लीपरचे तिकीट कितीही जवळचे काढले तरी भाडे किमान २०० किलोमीटरचे लागते, आणि थ्री-एसी व टू-एसीसाठी किमान ३०० किलोमीटरचे. नाशिकरोड ते भुसावळ साधारण २५७ किलोमीटर आहे. थ्री-एसीचे तिकीट भुसावळला तोडले तर पहिल्या तुकड्याला ३०० किलोमीटरचे भाडे आणि पुढच्या ३९३ किलोमीटरचे वेगळे, म्हणजे ६५० किलोमीटर जाण्यासाठी तुम्ही ६९३ किलोमीटरचे पैसे मोजता. नाशिकरोड ते मनमाड जेमतेम ७३ किलोमीटर आहे. तिथे कोणी स्लीपरचे तिकीट तोडले तर त्या तुकड्यासाठी जवळजवळ तिप्पट अंतराचे भाडे भरावे लागेल.

याखेरीज दर तिकिटाला, दर प्रवाशामागे काही ठराविक आकार असतात आणि ते दुसऱ्या तिकिटावर पुन्हा लागतात. स्लीपरला आरक्षण शुल्क २० रुपये आणि सुपरफास्ट अधिभार ३० रुपये आहे. थ्री-एसीला ते अनुक्रमे ४० आणि ४५ रुपये असून त्यावर ५ टक्के जीएसटी असतो. भाड्याची रक्कमही पुढच्या ५ रुपयांच्या पटीत वर नेतात, म्हणजे दोन तिकिटे असतील तर ही वाढही दोनदा होते. ऑनलाइन तिकीट काढले तर सुविधा शुल्क प्रत्येक तिकिटावर वेगळे लागते.

तुमच्या नातेवाइकांचा हेतू चांगलाच असणार, परंतु मागच्या हिवाळ्यात तुम्ही दोघींनी माणशी किमान ५० रुपये निश्चितच जास्त भरले, आणि उतरत्या दराचा फायदा गमावला तो वेगळा. सासूबाईंना झालेला त्रास वाचून मला खरोखर वाईट वाटले.

दारणातीर (देवळाली कॅम्प)

इगतपुरीकर काकांनी आपल्याकडची बाजू स्पष्ट केली आहे. मी कामानिमित्त काही वर्षे इंग्लंडमध्ये होतो आणि तिथे या पद्धतीचा नियमित उपयोग केला आहे, त्यामुळे तिथे हे का चालते ते सांगतो. तुमच्या मुलालाही त्यातले काही उपयोगी पडेल.

ब्रिटनमध्येही एके काळी भाडे मैलावर ठरत असे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश रेलने ती पद्धत सोडली आणि कोणत्या मार्गावर प्रवासी किती पैसे द्यायला तयार आहेत, हे पाहून भाडे ठरवायला सुरुवात केली. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यात खाजगीकरण झाले आणि दोन स्थानकांमधल्या प्रत्येक जोडीचे भाडे ठरवण्याचे काम त्या त्या मार्गावरच्या मुख्य कंपनीकडे गेले. त्यामुळे अ ते क हे भाडे, अ ते ब आणि ब ते क यांच्या बेरजेशी जुळेलच, अशी कोणतीही खात्री तिथे उरली नाही. लंडनला सकाळी कामाच्या वेळी पोहोचणाऱ्या लांबच्या गाड्यांचे भाडे अतिशय चढे असते, पण त्याच प्रवासाचा एखादा तुकडा गर्दीच्या वेळेबाहेर पडतो किंवा स्थानिक स्वरूपाचा असल्यामुळे स्वस्त असतो. डिडकॉट हे या कामासाठी तिथे वर्षानुवर्षे प्रसिद्ध असलेले स्थानक आहे.

मुलाला एक महत्त्वाची अट सांगा. जिथे तिकीट तोडले आहे त्या स्थानकावर गाडी थांबली पाहिजे. उतरण्याची गरज नाही, पण ब्रिस्टल ते लंडन धावणाऱ्या सगळ्याच गाड्या डिडकॉटला थांबत नाहीत, आणि न थांबणाऱ्या गाडीत ही दोन तिकिटे घेऊन बसले तर ती वैध ठरत नाहीत. ठराविक गाडीचे आगाऊ स्वस्त तिकीट घेतले असेल तर त्याच गाडीने जावे लागते, हेही लक्षात असू द्यावे. तरुणांसाठी तिथे १६ ते २५ वयोगटाचे रेलकार्ड असते, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. परंतु जुलै आणि ऑगस्ट सोडून, सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळेत त्या कार्डावर किमान १२ पौंड भाड्याची अट आहे. ती आगाऊ तिकिटांना लागू नाही, पण इतर तिकिटांना प्रत्येकी लागते. म्हणून सकाळच्या वेळी लहान लहान तुकडे केले तर सूट हातातून निसटते, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

तिथल्या पद्धतीत मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे, तिकिटे कितीही असली तरी प्रवास एकच मानला जातो. गाडीला उशीर झाला तर भरपाई सबंध प्रवासाच्या उशिरावर मिळते, तुकड्याच्या नव्हे.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काकांचे उत्तर वाचल्यावर काल रात्री वही-पेन घेऊन बसले आणि आम्हा चौघांचा हिशेब मांडला. स्लीपरने गेलो आणि तिकीट भुसावळला तोडले, तर फक्त आरक्षण शुल्क आणि अधिभार यांचे माणशी ५० याप्रमाणे २०० रुपये जास्त, येताना पुन्हा २००. थ्री-एसीने गेलो तर माणशी ८५, म्हणजे चौघांचे ३४०, आणि जीएसटी धरून ३५७ रुपये, तेही एका बाजूचे. शिवाय किमान अंतराचे ४३ किलोमीटर आहेतच. हे आकडे समोर आल्यावर यजमान म्हणाले की, आपण बचतीच्या नावाखाली दंड भरत होतो.

एक शंका मात्र राहते. सरळ तिकीट पाहिले तर आमच्या तारखेला मोठे वेटिंग दिसते, आणि भुसावळपर्यंत व भुसावळपासून असे वेगवेगळे पाहिले तर जागा आहे असे दिसते. मग तोडून काढणे भाग पडते का?

रोजचा प्रवासी (मुंबई नाका)

ताई, हा प्रश्न पैशांपेक्षा वेगळा आहे, आणि आपल्याकडे तिकीट तोडण्याचा खरा उपयोग इथेच आहे. लांबच्या गाडीतल्या बहुसंख्य जागा सुरुवातीच्या स्थानकाच्या कोट्यात असतात. मधल्या स्थानकांच्या वाट्याला थोड्या जागा येतात आणि तिथून काढलेले वेटिंग पीक्यूडब्ल्यूएल (अनेक मधल्या स्थानकांची सामाईक यादी) किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या मोठ्या स्थानकाची वेगळी यादी) या प्रकारचे असते, जे कन्फर्म होण्याची शक्यता जीएनडब्ल्यूएलपेक्षा, म्हणजे सुरुवातीच्या स्थानकाच्या सर्वसाधारण यादीपेक्षा, बरीच कमी असते. तेव्हा सरळ तिकीट मिळतच नसेल आणि जाणे अटळ असेल, तर दोन तुकडे करून बसायला जागा मिळवणे शहाणपणाचे आहे. फक्त जास्तीचे पैसे आपण जागेसाठी देतो आहोत, याचे भान ठेवून ते करावे.

तोडण्याआधी आणखी एक वाट तपासून पाहावी. तिकीट मुंबईपासूनचे काढायचे आणि आरक्षण करतानाच बोर्डिंग स्टेशन म्हणून नाशिकरोड टाकायचे. भाडे मुंबईपासूनचे, म्हणजे १८७ किलोमीटर जास्तीचे लागेल, पण ते वाढीव अंतर उतरत्या दरात येत असल्यामुळे फरक वाटतो तितका मोठा नसतो, आणि रात्री डबा बदलावा लागत नाही. बोर्डिंग बदलायला मात्र विसरू नये. मुंबईला जागेवर कोणी आले नाही असे दिसले तर टीटीई (तिकीट तपासनीस) ती जागा दुसऱ्याला देऊ शकतात, आणि मग नाशिकरोडला हातात तिकीट असून उभे राहण्याची वेळ येते.

दोन वेगवेगळ्या गाड्यांची तिकिटे काढणार असाल तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्यावेत. ही सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील सारखा असला पाहिजे आणि पहिली गाडी जिथे सोडणार तिथूनच दुसरी धरायची असली पाहिजे. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी सुटली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कपातीशिवाय परत मिळतात, त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत दावा करावा लागतो. मी स्वतः एकदा हे न जोडता भुसावळला उतरलो होतो, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या पुढच्या गाडीचा शेवटचा डबा जाताना पाहिला. पैसे परत मिळाले नाहीत.

नाशिककरांसाठी प्रवास तोडून खरोखर पैसे वाचण्याचे एक ठिकाण आहे, ते म्हणजे कसारा. मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंत येते आणि लोकलचे भाडे मेल-एक्स्प्रेसच्या भाड्यापेक्षा फारच कमी असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा ठिकाणी जायचे असेल तर एसटीने किंवा शेअर टॅक्सीने घाट उतरून कसाऱ्याला लोकल धरणारे शेकडो लोक मी रोज पाहतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच आहे आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत आहे. त्यामुळे आमच्या आईला डोंबिवलीला मावशीकडे जायचे झाले तर ती याच मार्गाने जाते. इथे तिकीट तोडल्याने नव्हे, तर भाड्याची एक पद्धत संपून दुसरी, स्वस्त पद्धत सुरू होते त्या जागी उतरल्याने पैसे वाचतात.

सातपूरकर

वरच्या सर्वांचा आदर राखून एक वेगळा अनुभव मांडतो. मी अकोल्याचा असून सातपूरच्या कारखान्यात काम करतो. मला तिकीट तोडून फायदा होतो. दुपारच्या गाडीने भुसावळपर्यंत सेकंड सीटिंगमध्ये बसून जातो आणि तिथून पुढे दुसऱ्या गाडीने, कधी जनरलने तर कधी स्लीपरने. सरळ थ्री-एसीच्या तिकिटापेक्षा हे निम्म्याहूनही कमी पडते. येताना मात्र मनमाडपर्यंत स्लीपर आणि पुढे पंचवटीने सेकंड सीटिंग असे करून पाहिले, त्यात काही विशेष उरले नाही, आणि त्याचे कारण मला समजले नव्हते.

इगतपुरीकर

सातपूरकर, तुमचे दोन्ही अनुभव बरोबर आहेत, पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत. जाताना तुमची जी बचत होते ती तिकीट तोडल्याची नसून खालच्या वर्गातून प्रवास केल्याची आहे. दिवसा झोपायला बर्थ लागत नाही, म्हणून अडीचशे किलोमीटर बसून जाणे हा योग्य विचार आहे आणि तरुण माणसाने तो जरूर करावा. येताना मनमाडला तुम्ही शेवटचे ७३ किलोमीटर कापून वेगळे केलेत. लांबच्या तिकिटात हे शेवटचे किलोमीटर सर्वांत स्वस्त असतात, तेच वेगळ्या तिकिटावर सुरुवातीचे होतात आणि सर्वांत महाग दराने मोजले जातात. स्लीपरच्या भाड्यात जे वाचले ते तिथे गेले. म्हणून शेपटाचा लहानसा तुकडा कधीही कापू नये. तोडायचेच असेल तर जिथे वर्ग बदलतो आणि अंतर मोठे आहे तिथे तोडावे.

अपवाद म्हणून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांचा उल्लेख करायला हवा. या गाड्यांना ९ सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडे आहे, म्हणजे दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढते आणि १.४ पटीपर्यंत जाऊ शकते. नाशिकरोडला थांबणाऱ्या राजधानीने दिल्लीला जाणाऱ्यांनी तिकीट उशिरा काढले तर हा फरक चांगलाच जाणवतो. तिथेही माझा सल्ला तोडण्याचा नाही, साध्या मेल-एक्स्प्रेसचे सरळ तिकीट वेळेत काढण्याचा आहे. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवावी.

आता ज्यासाठी मी मुद्दाम पुन्हा लिहायला बसलो ते सांगतो. आपल्या पद्धतीत फायदा तोडण्यात नसून जोडण्यात आहे, आणि त्यासाठीचे दोन नियम लोक विसरत चालले आहेत. पहिला नियम प्रवासखंडाचा. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे असेल तर वाटेत उतरून मुक्काम करता येतो. १००० किलोमीटरपर्यंत एकदा आणि त्यापुढच्या अंतराला दोनदा उतरता येते, पण पहिला मुक्काम ५०० किलोमीटर ओलांडल्यावरच घेता येतो. उतरण्याचा व निघण्याचा दिवस सोडून दोन दिवस राहता येते, आणि उतरल्यावर स्टेशनवर तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी लागते. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी अशा गाड्यांना हे लागू नाही. वाटेत मुक्काम करून पुढे आरक्षण हवे असेल तर खिडकीवर फॉर्म भरताना तसे स्पष्ट लिहून सांगावे, म्हणजे भाडे सलग अंतराचे लागते.

दुसरा नियम चक्राकार तिकिटाचा. यात्रेला जाणाऱ्यांसाठी याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. नाशिकरोडहून निघायचे, काशी, प्रयागराज, अयोध्या अशी ठिकाणे वेगवेगळ्या मार्गांनी करायची आणि पुन्हा नाशिकरोडलाच यायचे, अशा प्रवासाचे एकच तिकीट निघते. त्यावर जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. भाडे काढताना सबंध अंतराचे दोन समान भाग करून प्रत्येक भागाचे भाडे धरतात, त्यामुळे उतरत्या दराचा पुरेपूर लाभ मिळतो. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण मात्र वेगळे करावे लागते आणि त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते. मार्ग नेहमीच्या ठरलेल्यांपैकी नसेल तर विभागीय वाणिज्य कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि नाशिकरोड भुसावळ विभागात येत असल्यामुळे तो भुसावळला करायचा. मी खिडकीवर असताना गावाकडची वयस्क मंडळी घडी घातलेल्या कागदावर सगळी स्थानके क्रमाने लिहून आणत. तो कागद काउंटरवर उलगडून, शेवटच्या नावावर बोट ठेवून, इथपर्यंत आलो की घरी, असे सांगत. तसे कागद मी निवृत्त होण्याच्या काही वर्षे आधीपासूनच दिसेनासे झाले होते. आता मुले मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट काढून देतात आणि प्रत्येक टप्प्याला पहिल्या किलोमीटरचा दर भरतात.

शेवटी गोदाकाठ ताईंसाठी. तुमच्या बाबतीत तिकीट अंतराने नव्हे, माणसांनी तोडा. खालच्या बर्थचा एक स्वतंत्र कोटा असतो, ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी. तो त्या तिकिटावर असे एक किंवा दोनच पात्र प्रवासी असतील तेव्हाच मिळतो. चौघांचे एकच तिकीट काढलेत तर हा कोटा निवडताच येणार नाही आणि सासूबाईंच्या वाट्याला मधला बर्थ येऊ शकेल. तुमचे वय ४५ च्या पुढे असेल तर तुमचे आणि सासूबाईंचे एक तिकीट त्या कोट्यातून काढा आणि यजमानांचे व मुलीचे दुसरे. आरक्षण शुल्क आणि अधिभार माणशी असल्यामुळे त्यात काहीच वाढत नाही. ऑनलाइन काढले तर फक्त एका जास्तीच्या तिकिटाचे सुविधा शुल्क लागेल, स्लीपरला १७ रुपये ७० पैसे, आणि यूपीआयने पैसे भरले तर ११ रुपये ८० पैसे.

गोदाकाठ

काका, माझे वय ४९ आहे. आज सकाळी यजमान नाशिकरोडच्या खिडकीवर जाऊन आले. त्या दिवशीच्या गाडीला मोठे वेटिंग होते, म्हणून रोजचा प्रवासी यांनी सुचवल्याप्रमाणे मुंबईपासूनचे तिकीट आणि बोर्डिंग नाशिकरोड असे विचारले, तेव्हा आदल्या दिवशीच्या गाडीत जागा मिळाली. लग्नाला एक दिवस आधी पोहोचू, त्याचे काही बिघडत नाही. वहिनीला हाताखाली माणूस हवेच आहे.

माझे आणि सासूबाईंचे तिकीट खालच्या बर्थच्या कोट्यातून निघाले, दोघींनाही खालचे बर्थ समोरासमोर आले आहेत. यजमान आणि मुलगी त्याच डब्यात, दोन कप्पे सोडून आहेत. परतीचे तिकीट नागपूरपासून सरळ नाशिकरोडचे, त्याचे आरक्षण पुढच्या आठवड्यात उघडते.

सासूबाईंना काल रात्री तुमचे चक्राकार तिकिटाचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी काही न बोलता देवघराच्या खणातून एक जुनी वही काढली. त्यात सासऱ्यांच्या हस्ताक्षरात स्थानकांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत, नाशिकरोडपासून सुरू होऊन नाशिकरोडला संपणारी, आणि शेजारी प्रत्येक ठिकाणी किती दिवस राहायचे ते आकड्यात लिहिलेले आहे. ती यात्रा त्यांची राहून गेली होती. त्यातला मार्ग मी नीट उतरवून काढते आणि भुसावळला करायच्या अर्जात काय काय लिहावे लागते, ते तुम्हाला इथेच विचारते.